घाट सगळ्यांचा, होडी ज्याची त्याची. मग इंटरनेटची तार कोणाची?



एरवी या पेजवर आम्ही बीज कधी येणार, बर्फाचा दर काय, महासंघाचा नवीन नियम कोणता, असेच लिहितो. आज वेगळा विषय घेतला आहे. इंटरनेटची तार. ती कोणी टाकायची, कोणाच्या पैशाने टाकायची आणि टाकल्यावर तिचा मालक कोण. "सचिव, मासे सोडून तारा कधीपासून मोजायला लागलात?" असे काही जण म्हणतील. जरूर म्हणा, पण आधी शेवटपर्यंत वाचा. पोस्ट मोठी आहे. पण सध्या जाळी काठावर वाळत पडली आहेत, तेवढा वेळ आपल्याकडे आहे.

आपला काय संबंध?

१६ जून ते १५ ऑगस्ट आपल्या मध्य प्रदेशात मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत होडी काठावर आणि माणूस कागदांच्या मागे. पूर्वी कागद म्हणजे फाईल बगलेत मारून मत्स्य विभागाच्या कार्यालयाच्या फेऱ्या. आता कागद म्हणजे मोबाइल.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने नॅशनल फिशरीज डिजिटल प्लॅटफॉर्म सुरू केला. मासे पकडणारा, तळे करणारा, विकणारा, सहकारी संस्था, सगळ्यांची नोंद तिथे करायची. पंतप्रधान मत्स्य किसान समृद्धी सह-योजनेचे फायदे त्या नोंदीला जोडलेले आहेत. मत्स्य संपदा योजनेखालचा अपघात विमा पाहा. सभासद दगावला किंवा कायमचा पूर्ण अपंग झाला तर ५ लाख, कायमचे अंशतः अपंगत्व आले तर अडीच लाख, दवाखान्याचा खर्च २५ हजारांपर्यंत. बंदच्या काळातली बचत-सह-मदत योजना पाहा. आपण वर्षात १५०० रुपये भरायचे, सरकार त्यात ३००० घालते आणि ते ४५०० तीन महिन्यांत मिळतात. रक्कम मोठी नाही, पण आषाढ-श्रावणात ज्याच्या घरात चूल पेटायची पंचाईत असते त्याला तिची किंमत विचारा.

हे सगळे आधार, बँक खाते आणि मोबाइलवरच्या ओटीपीवर चालते. आता धरणाच्या काठावरच्या वस्तीत काय होते ते सांगायला नको. फॉर्म भरायला एक पोरगा टेकडीवर चढतो, ओटीपी खाली घरातल्या मोबाइलवर येतो, तो ओरडून सांगेपर्यंत मुदत संपते. चार चकरा झाल्या की म्हातारा माणूस म्हणतो, राहू दे रे ती योजना. योजना आहे, पैसे मंजूर आहेत, माणूस पात्र आहे. मध्ये फक्त एक तार नाही.

मालाचेही तसेच. कतला, रोहू काठावर आले की घड्याळ सुरू होते. इंदूरच्या मच्छी बाजारात आज काय भाव आहे हे काठावर असताना कळले तर बर्फ किती घालायचा, गाडी कुठे पाठवायची ते ठरवता येते. कळले नाही तर जो समोर उभा आहे त्याचा भाव तोच आपला भाव. म्हणून आम्ही म्हणतो की इंटरनेट आता बर्फासारखे आहे. त्याच्याशिवाय धंदा होतो, पण नुकसानीत होतो.

इंटरनेट आकाशातून येत नाही

बऱ्याच जणांची समजूत आहे की टॉवर उभा राहिला म्हणजे इंटरनेट आले. टॉवर म्हणजे फक्त नळाची तोटी. पाणी येते ते जमिनीखालच्या काचेच्या तारेतून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून. काही टॉवर तारेशिवाय, दुसऱ्या टॉवरकडून लहरींवर माल घेतात, पण तो प्रवाह बारीक. म्हणूनच चार माणसे एकदम व्हिडिओ लावतात आणि पाचव्याचा फोन फिरत बसतो. मोठी तार गावापर्यंत आली की टॉवरही सुधारतो, शाळाही जोडता येते आणि घराघरात वायफायही देता येते.

म्हणजे खरा प्रश्न टॉवरचा नसून तारेचा आहे. तार टाकण्यातला मोठा खर्च काचेचा नसतो. तो असतो रस्ता खोदण्याचा, परवानगीचा, पाइप टाकण्याचा. एकदा पाइप आणि तार पडली की त्यावरून एका कंपनीचे इंटरनेट जाते तसे दहा कंपन्यांचेही जाते. इंदूर शहरात पाहा, एकाच गल्लीतल्या खांबावर निरनिराळ्या कंपन्यांच्या तारांची जाळी लोंबकळते आहे. आणि शहर सोडून धरणाकडे निघालो की एकही तार नाही. जिथे गिऱ्हाईक दाट तिथे पाच जण खोदणार, जिथे गिऱ्हाईक विरळ तिथे कोणीच खोदणार नाही. यात कंपनीला शिव्या देण्यात अर्थ नाही. कंपनी नफ्यासाठी आहे, ती नफा असेल तिथेच जाणार. प्रश्न असा आहे की जिथे नफा नाही तिथे कोण जाणार?

पैसे तर आपण भरतोच आहोत

ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. टेलिफोन कंपन्या परवान्यापोटी आपल्या हिशेबी उत्पन्नाचा ८ टक्के हिस्सा सरकारला देतात. त्यातले ५ टक्के खास खेड्यापाड्यांत, दूरच्या भागांत सेवा पोहोचवण्यासाठी बाजूला काढलेले असतात. २००२ पासून ही सोय आहे. पूर्वी त्याला युनिव्हर्सल सर्व्हिस फंड म्हणत, २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव डिजिटल भारत निधी झाले. कंपनीचे उत्पन्न म्हणजे शेवटी आपले रिचार्ज. म्हणजे टेकडीवर चढून ज्याला फोन लावावा लागतो तोही या निधीत भर घालतो आहे.

याच निधीतून भारतनेट उभे राहिले. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने मंजुरी दिली, देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचे ठरले. २०१७ च्या अखेरीस पहिल्या टप्प्यातल्या १ लाख पंचायती झाल्या. दुसऱ्या टप्प्यात काही राज्यांनी काम स्वतःच्या हातात घेतले. महाराष्ट्रात ते महानेट नावाने झाले, हे आपल्या तिकडच्या वाचकांना माहीत असेल.

मग २०२१ साली काय झाले ते नीट वाचा, कारण त्यात आपले राज्य होते. जून २०२१ मध्ये केंद्राने ठरवले की १६ राज्यांतले भारतनेट खासगी भागीदारीतून करायचे. मध्य प्रदेश त्या यादीत होता. एकूण खर्च २९,४३० कोटी, त्यातले १९,०४१ कोटी सरकार कंपनीला मदत म्हणून देणार. कंपनीने बांधायचे, ३० वर्षे चालवायचे, कमवायचे. एवढे देऊनही निविदांना प्रतिसाद आला नाही. योजना गुंडाळावी लागली.

ज्यांना वाटते की "सरकारला जमत नाही, खासगीला द्या, चुटकीसरशी होईल", त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. १९ हजार कोटींची मदत समोर ठेवली तरी आपल्या गावांकडे यायला कोणी तयार झाले नाही. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने पुन्हा सार्वजनिक पैशानेच, १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर केला. तो बीएसएनएलच्या हाताखाली चालणार आहे.

आणि गंमत पाहा. ज्या २०२१ साली नवीन तार टाकायला कोणी आले नाही, त्याच २०२१ च्या ऑगस्टमध्ये सरकारी मालमत्ता भाड्याने देऊन पैसा उभा करण्याची जी यादी निघाली, तिच्यात भारतनेटची २.८६ लाख किलोमीटर टाकलेली तार होती. खोदताना कोणी नाही, खोदून झाल्यावर ती तार भाड्याच्या यादीत. तलाव खणताना फावडे आपले आणि पाणी भरल्यावर ठेका दुसऱ्याचा, असा प्रकार आपण पाहिलेला आहे. म्हणून मालकीचा प्रश्न आत्ताच विचारायचा. तार पडून झाल्यावर विचारून उपयोग नाही.

इंदूरने हे आधी पाहिले आहे

आपण इंदूरचे आहोत. या शहराला असले प्रश्न नवे नाहीत. तीन गोष्टी आठवा.

पहिली रेल्वे. १८७० साली दुसरे तुकोजीराव होळकर यांनी खंडवा ते इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये कर्जाऊ दिले. १०१ वर्षांची मुदत, साडेचार टक्के व्याज. नर्मदेवरचा पूल १८७६ मध्ये झाला, घाटात बोगदे पडले, गाडी इंदुरात आली. शहराची भरभराट झाली, यात शंका नाही. महाराजांची दृष्टी मोठीच. पण लाइनला नाव होळकर स्टेट रेल्वे असले तरी चालवण्याचा हुकूम इंग्रजांचा. पैसे इथले, जमीन इथली, कारभार दुसरीकडचा. ते राज्यच परक्यांचे होते, महाराजांपुढे वाट नव्हती. आज आपल्यापुढे वाट आहे.

दुसरी गोष्ट नर्मदेच्या पाण्याची. यशवंत सागर १९३९ मध्ये गंभीर नदीवर शहराच्या पाण्यासाठी बांधला गेला. शहर वाढले, तो पुरेना. १९७० मध्ये इंदूरकर रस्त्यावर उतरले, नर्मदा इंदुरात आणा म्हणून मोठे आंदोलन झाले. जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, विंध्याचा चढ चढवून पाणी आणायचे. हिशेबाने पाहिले तर तोट्याचाच सौदा. १९७८ मध्ये पाणी आले. त्या वेळी जर कोणी म्हटले असते की "यात नफा नाही, सोडून द्या", तर आजचे इंदूर झाले असते का?

तिसरी गोष्ट ताजी आहे. जलूदहून पाणी चढवण्याचे विजेचे बिल भारी, म्हणून महापालिकेने तिथे सौर प्रकल्प करायचे ठरवले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये लोकांकडूनच रोख्यांतून २४४ कोटी रुपये उभे केले. लोकांनी मागणीपेक्षा कितीतरी जास्त अर्ज केले. पैसा लोकांचा, व्याज लोकांना आणि प्रकल्पाची मालकी महापालिकेची. म्हणजे सार्वजनिक मालकी म्हटली की फक्त सरकारी तिजोरी रिकामी करायची असे नाही. लोकांचा विश्वास असेल तर लोकच पैसा देतात.

पाण्यासाठी जे जमले ते तारेसाठी का जमू नये?

घाट आणि होडी

आमचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर या पोस्टचे नावच वाचा. घाट कोणाच्या एकट्याच्या मालकीचा नसतो. तो सगळ्यांचा. त्या घाटावरून कोणाची लाकडी होडी निघते, कोणाची पत्र्याची, कोणाची इंजिनाची. ज्याची होडी चांगली, ज्याचा दर बरा, त्याच्या होडीत माणूस बसतो. त्यात स्पर्धा होऊ द्या, आमची काही हरकत नाही. पण उद्या एखाद्या नाववाल्याने घाटच विकत घेतला तर? मग बाकीच्यांनी होड्या कुठून सोडायच्या? आणि त्याने दर वाढवला तर आपण जायचे कुठे?

तार म्हणजे घाट. कंपन्यांची सेवा म्हणजे होड्या. तार सार्वजनिक मालकीची असावी आणि तिच्यावरून सेवा द्यायला सगळ्यांना सारख्या दराने मोकळीक असावी. सरकारी कंपनी, खासगी कंपनी, आणि हो, सहकारी संस्थासुद्धा.

हे आमचे डोके नाही. स्वीडनमध्ये स्टॉकहोम शहराने १९९४ मध्ये स्टोकाब नावाची स्वतःची कंपनी काढली. ती शहरभर फायबर टाकते आणि ज्याला हवे त्याला भाड्याने देते, स्वतः गिऱ्हाइकाला इंटरनेट विकत नाही. अगदी घाटासारखे. अमेरिकेत चॅटानूगा शहराच्या सार्वजनिक वीज कंपनीने २०१० मध्ये आपल्या भागातल्या प्रत्येक घराला एक गिगाबिट वेगाची सेवा देऊ केली. तिथल्या राज्याच्या कायद्याने तिला आपल्या वीजक्षेत्राबाहेर ही सेवा द्यायला मात्र मनाई आहे. शेजारच्या गावाला हवी असली तरी देता येत नाही. आपल्या देशात केरळने जून २०२३ मध्ये के-फोन सुरू केले. वीज मंडळाच्या खांबांवरून सरकारी फायबर, ३० हजार सरकारी कार्यालये आणि २० लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी असे उद्दिष्ट. काम उद्दिष्टाच्या बरेच मागे राहिले, हेही खरे. पण तार तिथे राज्याची आहे, त्यामुळे उशीर का झाला हे विधानसभेत विचारता येते. खासगी कंपनीला तुमच्या वस्तीत तार का नाही हे कुठे विचारणार?

खासगी स्पर्धेने फायदा झाला नाही का?

झाला. खोटे कशाला बोलायचे? सप्टेंबर २०१६ नंतर डेटा एवढा स्वस्त झाला की आपल्या घरोघरी स्मार्टफोन आले. ते सरकारी कंपनीने केले नव्हते. पण त्यानंतर काय झाले तेही पाहा. एकेकाळी देशात डझनभर मोबाइल कंपन्या होत्या. एक एक करून बुडाल्या, विकल्या गेल्या. आता मोठ्या खासगी तीन आणि सरकारी बीएसएनएल. जुलै २०२४ च्या पहिल्या आठवड्यात जिओ, एअरटेल आणि व्हीआय, तिघांचेही दर वाढले, साधारण १० ते २५ टक्के. त्या वेळी बीएसएनएलने दर वाढवले नाहीत आणि लाखो लोक तिकडे वळले. बीएसएनएलची सेवा कशी आहे हे आम्हाला माहीत आहे, रोज अनुभवतो. पण ती आहे म्हणून निदान वळायला एक दार होते. बाजारात एकच व्यापारी उरला की भावाचे काय होते हे मच्छीमाराला कोणी शिकवायची गरज नाही.

आणि सरकारी कारभाराचे काय?

हा आक्षेप खरा आहे आणि आम्ही तो टाळत नाही. भारतनेटच्या किती पंचायतींत पेटी बसली आहे आणि दिवा बंद आहे! कुठे वीज नाही, कुठे बॅटरी चोरीला, कुठे पाण्याच्या पाइपसाठी खोदताना जेसीबीने तार तोडली आणि महिनोन् महिने जोडली नाही. पूर्वी तार एका सरळ दोरासारखी टाकलेली होती. मध्ये तुटली की पुढची सगळी गावे अंधारात. नव्या कार्यक्रमात ती कड्यासारखी, गोल टाकायची आहे. एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने प्रवाह चालू राहील. खोदण्याआधी कळवण्यासाठी मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲपही आले आहे. सुधारणा होते आहे, पण कागदावरची सुधारणा आणि काठावरची सुधारणा यात फरक असतो.

यावर उपाय काय? आम्हाला वाटते मालकी सरकारची, पण देखभाल आणि शेवटच्या टप्प्याची सेवा गावातल्या माणसांच्या हातात. ज्याच्या घरचे इंटरनेट बंद पडते तोच सगळ्यात आधी तार जोडायला धावतो. जाळे फाटले तर आपण भोपाळहून माणूस येण्याची वाट पाहत बसतो का?

तवाची गोष्ट विसरू नका

सहकारी संस्थेला असले काम जमेल का, असे विचारणाऱ्यांना तवा धरणाची आठवण करून देतो. तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या तवा धरणात ज्यांची गावे बुडाली त्या आदिवासींना धरणातल्या माशांवर हक्क नव्हता. आधी सरकारी महामंडळ, मग खासगी ठेकेदार. लोक लढले, आणि १९९६ मध्ये राज्य सरकारने त्यांच्या तवा मत्स्य संघाला पाच वर्षांसाठी मासेमारीचा हक्क दिला. पुढे २००१ मध्ये तो वाढवला. त्या दहा वर्षांत त्यांनी बीज सोडले, पहारा ठेवला, माल बाहेरगावी विकला. उत्पादन वाढले, मच्छीमाराच्या हातात पडणारे पैसे वाढले. अडाणी म्हणून ज्यांना हिणवले त्यांनी हिशेब चोख ठेवले.

पण २००६ च्या शेवटी मुदत संपली आणि हक्क पुढे वाढवून मिळाला नाही. दहा वर्षांची मेहनत एका सहीवर अवलंबून होती.

यातून आम्ही दोन गोष्टी शिकतो. एक, गरीब माणसांची सहकारी संस्था सार्वजनिक संपत्ती ठेकेदारापेक्षा चांगली सांभाळू शकते. दोन, हक्क मेहेरबानी म्हणून घेतला तर तो कधीही जाऊ शकतो. तो नियमात, कायद्यात लिहून घ्यावा लागतो.

मोठ्या धरणांवर आज आपली अवस्था काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. पाणी सरकारचे, जाळे आणि अंग आपले, पण पकडलेला मासा ठरलेल्या ठिकाणी द्यायचा आणि ठरलेल्या दराने किलोमागे मजुरी घ्यायची. मासा कोणाला विकायचा हे आपल्या हातात नाही. इंटरनेटच्या बाबतीतही आपण फक्त रिचार्ज मारणारे गिऱ्हाईक राहायचे, की त्या तारेत आपलाही काही शब्द असावा, हे ठरवायची वेळ आत्ता आहे.

मग करायचे काय?

नुसती तक्रार करून भागणार नाही. संस्थेच्या वतीने आमचे पाच मुद्दे असे आहेत. पटले तर पाठिंबा द्या, नाही पटले तर बैठकीत बोला.

१. भारतनेटची आणि सार्वजनिक पैशाने टाकलेली प्रत्येक तार सार्वजनिक मालकीचीच राहावी. भाड्याने द्यायची तर एकट्याला नाही, सगळ्यांना सारख्या अटींवर. कोणाला किती दराने दिली ते पंचायतीच्या फलकावर लागावे.

२. तार ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत आली म्हणजे काम झाले असे धरू नये. जिथे मासे उतरतात तो घाट, बर्फाची जागा, शाळा आणि आरोग्य केंद्र ही ठिकाणेही यादीत यावीत. कचेरी दुपारी बंद होते, घाट पहाटे चारला उघडतो.

३. नव्या कार्यक्रमात घराघरात जोडणी देण्यासाठी बीएसएनएल गावातले 'उद्यमी' नेमते आणि कमाईत वाटा देते. हे काम एकट्या माणसालाच द्यावे असे नाही. मच्छीमार सहकारी संस्था, दूध संस्था, महिला बचत गट यांना त्यात प्राधान्य हवे. आपल्या सभासदांची बारावी झालेली, आयटीआय केलेली मुले घरी बसली आहेत. तार जोडायला, पेटी सांभाळायला ती शिकतील.

४. तोपर्यंत थांबायचे नाही. डिसेंबर २०२० पासून पीएम-वाणी नावाची सोय आहे. चहाची टपरी असो की सहकारी संस्था, कोणीही सार्वजनिक वायफाय देऊ शकते. त्यासाठी परवाना नको, फी नको. पूर्वी अडचण अशी होती की कंपन्या अशा वायफायवाल्यांकडून महागड्या व्यापारी जोडणीचे पैसे मागत. २०२५ मध्ये ट्रायने त्यावर मर्यादा घातली, की घरगुती ब्रॉडबँडच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येणार नाही. म्हणजे आता हिशेब बसू शकतो. जिथे तार जवळ आली आहे अशा एका घाटावर संस्थेने हा प्रयोग करावा, असा आमचा प्रस्ताव आहे.

५. जिथे अजून तार नाही तिथे सरकारने ऑनलाइनची सक्ती करू नये. कागदी अर्ज घ्यावा, पोच द्यावी. नेटवर्क नाही म्हणून एकाही सभासदाचा विमा किंवा बंदच्या काळातली मदत बुडता कामा नये. हा मुद्दा आम्ही सगळ्यात महत्त्वाचा मानतो. रस्ता बांधला नाही आणि गाडीने का आला नाहीस म्हणून दंड करायचा, हे चालणार नाही.

सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगून ठेवले आहे की लहरी, ज्यांच्यावरून रेडिओ, टीव्ही आणि आता मोबाइल चालतो, त्या सार्वजनिक मालमत्ता आहेत. लहरी जनतेच्या, खोदलेला रस्ता जनतेचा, निधी जनतेच्या रिचार्जमधला. मग तारही जनतेची असावी, यात जास्त काय मागितले?

आता पुढचे काम. १५ ऑगस्टच्या सुमारास गावोगावी ग्रामसभा होतात. १६ ऑगस्टला आपण पाण्यात उतरणार, मग कोणाला वेळ नाही. म्हणून त्याआधी ज्या त्या वस्तीतल्या सभासदांनी तीन गोष्टी पाहून ठेवा. पंचायतीत भारतनेटची पेटी आहे का? असेल तर तिचा दिवा लागतो का? आणि घाट ते पेटी अंतर किती आहे, ते पावलांनी मोजा किंवा मोटरसायकलच्या मीटरवर पाहा. ही माहिती खाली कमेंटमध्ये लिहा किंवा संस्थेत कळवा. ज्याला कमेंट करता येत नाही, नेटवर्क नाही, त्याने बर्फाच्या गाडीवाल्याबरोबर चिठ्ठी पाठवली तरी चालेल. सगळ्या वस्त्यांची यादी झाली की ठराव लिहून प्रत्येक ग्रामसभेत एकाच मजकुराचा द्यायचा. एकट्याचा अर्ज फाईलमध्ये जातो, पंधरा गावांचा एकच ठराव गेला की साहेबाला उत्तर द्यावे लागते.

बायकांनीही ग्रामसभेला यायचे आहे. बाजारात मासे विकणाऱ्या तुम्ही, मोबाइलवर पैसे घेणाऱ्या तुम्ही, नेटवर्क गेल्यावर गिऱ्हाईक पैसे न देता निघून जाते तेही तुमचेच. तुमच्याशिवाय हा ठराव अर्धा आहे.

आपला,
सचिव, संस्थेच्या संचालक मंडळाच्या वतीने